लहान न्हाणीघरातला टब काढून शॉवर बसवताना

प्रश्न:
आमचे न्हाणीघर पाच फूट रुंद आणि सात फूट लांब असून पाच फुटांच्या भिंतीला लागून ती पूर्ण व्यापणारा टब आहे. त्याची कड सव्वा फूट उंच आहे. ती ओलांडताना आई एक हात भिंतीवर टेकवून, दुसरा पाय अधांतरी धरून उभी राहते, ते पाहून माझ्या छातीत धस्स होते. टब काढून त्याच जागी शॉवर करायचा आहे. तयार ट्रे (शॉवरखाली बसवायचा उथळ तळ) बसवावा की फरशी करून घ्यावी, आणि काच लावावी की पडदा?

उत्तर १:
काच-पडद्याचे नंतर पाहता येईल, आधी सांडपाण्याचा पाइप तपासून घ्या. टबाला बहुधा दीड इंची पाइप असतो. शॉवरला मात्र दोन इंची घालणे योग्य, कारण टबात पाणी तुंबले तरी ते टबातच राहते, तर शॉवरचे तुंबलेले पाणी थेट खोलीभर पसरते. ट्रॅपची (पाणी धरून दुर्गंधी अडवणाऱ्या पाइपच्या वळणाची) जागाही बहुतेक बदलावी लागेल. त्यासाठी किती खोल खोदता येईल, यावरच उंबरठा ठेवायचा की सपाट फरशी करायची, हे ठरेल. आईंसाठी सपाट फरशी केव्हाही चांगली.

उत्तर २:
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र वॉटरप्रूफिंगबाबत कोणाच्याही शब्दावर विसंबू नका, असे मी स्वतः ठेच लागल्यावर सांगतो आहे. आमच्या गवंड्याने जमिनीला लेप दिला, पण तो भिंतीवर चढवला नाही, आणि वर्षभरात पलीकडच्या खोलीचा रंग पोपडे धरून गळू लागला. लेप शॉवरच्या भिंतींवर निदान सहा फुटांपर्यंत न्यावा आणि जमीन व भिंत मिळतात त्या कोपऱ्यात जाळीची पट्टी घालून घ्यावी. फरशी बसवण्यापूर्वी सांडपाण्याच्या जाळीचे तोंड बंद करून, गरज पडल्यास विटांचा तात्पुरता बांध घालून पाणी साठवावे, पातळीवर पेन्सिलीने रेघ ओढावी आणि चोवीस तासांनी रेघ व पाणी जुळते का ते पाहावे. उतार फुटामागे पाव इंच पुरतो. जाळी मधोमध असेल तर उतार चारही बाजूंनी द्यावा लागतो, म्हणून लहान आकाराच्या, खरखरीत टाइल्स घ्याव्यात. त्यांच्या सांध्यांमुळे पायाला पकडही मिळते.

उत्तर ३:
एवढ्या जागेत आत-बाहेर उघडणारे दार अडचणीचे होईल. टफन्ड काचेचे एकच स्थिर पान लावून एक बाजू मोकळी ठेवावी. पडदा स्वस्त असला तरी ओला होऊन अंगाला चिकटतो, आणि तोल गेल्यास वयस्कर माणूस नकळत त्यालाच धरते. आधाराचा दांडा मात्र टाइल्स बसण्याआधीच ठरवा, कारण भिंत पोकळ असेल तर आत लाकडी आधार तेव्हाच घालता येतो.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. ट्रेचा विचार सोडला आहे. दांड्याची उंची आईला प्रत्यक्ष उभे करून, तिचा हात जिथे सहज जातो तिथे खूण करून ठरवणार आहे.