आटे गेले, बोल्ट तुटला, पुढे काय केलंत? घरच्या इंजिनकामाचे अनुभव

ऑइल बदलणं, टॅपेट सेट करणं, क्लच प्लेटा टाकणं ही कामं अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणारे पुष्कळ आहेत. व्हिडिओही भरपूर मिळतात, पण त्यांत प्रत्येक नट सरळ उघडतो आणि सरळ बसतो. रविवारी दुपारी इंजिन अर्धं उघडं आहे, नटाबरोबर आटेही बाहेर आलेत आणि सोमवारी त्याच गाडीवर कामाला जायचंय, तेव्हा काय करायचं ते कुणी दाखवत नाही. त्यासाठी हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान त्याच्या पुढच्या दहा मिनिटांत होतं. नट फिरत नाही म्हणून पान्याला पाइप लागतो, काहीतरी आत पडलं की लगेच किक मारून बघितली जाते. तेव्हा लिहिताना कुठं थांबलात, कुठलं हत्यार वापरलंत, लेथवाल्याकडे काय नेलंत आणि गाडी आता कशी चालते, हे सगळं येऊ द्या. सुरुवात मी करतो.

कोल्हापूर, स्प्लेंडर

वडिलांची गाडी. आधीच्या गॅरेजमध्ये कुणीतरी ऑइलचा खालचा नट प्रमाणाबाहेर आवळला होता. मी १७ चा रिंग पाना लावला, नट आला तो ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळूनच. म्हणजे क्रँक केसमधले (इंजिनच्या खालच्या कवचातले) आटे गेले. नट लोखंडाचा, केस ॲल्युमिनियमची. जास्त जोर लागला की नेहमी केसच हरते.

शेजारच्या काकांनी एम-सील सुचवलं, एकानं टेफ्लॉन टेप. दोन्हींनी आठवडा निघाला असता आणि पुढच्या वेळी ऑइल काढायची पंचाईत झाली असती. मोठ्या मापाचा नट हाही एक मार्ग असतो, पण तिथली भिंत फार जाड नसते. मी हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी स्टीलची कॉइल, बसवायचं ठरवलं. उद्यमनगरात १२ मिमी, १.५ पिचचं हेलिकॉइल आणि त्याचा खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) मिळाला. हा टॅप साध्या १२ च्या टॅपपेक्षा किंचित मोठा असतो, साध्यानं काम होत नाही. भोक मोठं करताना ड्रिलच्या खाचांत आणि नंतर टॅपवर ग्रीस भरलं, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा हातानंच चालवला. स्टीलची कॉइल आत बसल्यावर तिची आडवी शेपटी लाँग नोज पकडीनं मोडून बाहेर घेतली. शेपटी आत राहिली तर सगळं केलेलं वाया.

यानंतरचा भाग लोक गाळतात. नट उघडाच ठेवून वरून थोडं स्वस्त ऑइल ओतलं आणि कीस धुऊन काढला. मग क्लचचं कव्हर उघडून ऑइलची जाळी तपासली. जाळीवर ॲल्युमिनियमचे चार कण सापडलेच, ते तसेच राहिले असते तर पंपाकडे गेले असते. नवा ॲल्युमिनियम वायसर, नवं ऑइल साधारण ९०० मिली. आता तो नट मूळ आट्यांपेक्षा पक्का बसतो.

चिपळूण, १०० सीसी कार्बोरेटरवाली गाडी

दादा, माझा अनुभव पुराचा आहे, पण काम घरीच केलं म्हणून लिहितो. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा गाडी खालीच होती, हँडलसकट बुडाली. पाणी ओसरल्यावर मी घरातला गाळ काढत होतो, तेवढ्यात मदतीला आलेल्या एका मुलानं चांगल्या मनानं किक मारायला घेतली. किक अर्ध्यात दगडागत अडली. तो पुन्हा वर उभा राहणार इतक्यात मी हात धरला.

सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दबत नाही, सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. पहिल्यांदा बॅटरीची वायर काढली, मग प्लग. प्लग काढल्यावर किक हातानं हळू दाबली तर भोकातून पिचकारी उडाली. पाणी यायचं थांबेपर्यंत तेच केलं, मग बोअरमध्ये थोडं ऑइल सोडलं. खालचा नट उघडल्यावर आधी नुसतं पाणी आलं, कारण ते ऑइलपेक्षा जड असतं, आणि मागून दुधाच्या चहासारखं ऑइल. टाकी, कार्बोरेटर, एअर फिल्टर सगळं उतरवलं. सायलेन्सर आडवा धरला तर त्यातून गाळ पडला.

आत सगळ्यात स्वस्त ऑइल भरलं, इंजिन काही मिनिटं मंद चालवलं आणि ते काढलं. रंग स्वच्छ येईपर्यंत असं करत राहिलो, चांगलं ऑइल शेवटी. आमच्या गल्लीत ज्या गाड्यांना आधी किक बसल्या त्यांतल्या काहींचे रॉड गेले. ही गाडी अजून रोज खेर्डीला जाते.

पुणे, आरएक्स १००

ही गाडी बाबांची, १९९६ ला बंद झालेल्या मॉडेलची. आता सुटा भाग शोधताना जीव जातो, म्हणून प्रत्येक पाऊल जपून टाकते. रिंगा बदलायला ब्लॉक (सिलिंडर) उतरवला होता. टू-स्ट्रोकमध्ये ब्लॉक निघाला की क्रँक केसचं तोंड वर आ वासून राहतं, म्हणून मी फडकं कोंबलं होतं. पिस्टन पिनची क्लिप काढताना ती उडाली आणि नेमकी फडक्याच्या कडेनं आत गेली.

अशा वेळी क्रँक अजिबात फिरवायचा नाही. क्लिप क्रँक आणि केसच्या मध्ये चिमटली तर दोन्हींना चर पडतो. टॉर्चनं दिसेना. लांब दांडीचं चुंबक घातलं तर ते क्लिपऐवजी क्रँकलाच चिकटायचं. मग चुंबकावर प्लास्टिकची नळी चढवली, फक्त टोक उघडं ठेवलं. तरी क्लिप आली नाही. शेवटी बाबा आणि मी इंजिन फ्रेममधून उतरवलं, गोणपाटावर उलटं धरलं आणि रबरी हातोडीनं हलकं ठोकलं. क्लिप टुणकन बाहेर.

जुनी क्लिप पुन्हा कधी वापरायची नाही, ती ढिली झालेली असते. नवी बसवताना तिचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, पिनच्या भोकाच्या खाचेसमोर नाही. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला.

मालवण

खाऱ्या हवेत सायलेन्सर धरणारे स्टड (दोन्हीकडे आटे असलेल्या दांड्या) इंजिनच्या हेडमध्ये इतके गंजतात की नट न सुटता स्टडच तुटतो. माझा हेडच्या तोंडाशी तुटला, बाहेर जेमतेम दोन-तीन मिमी. अशा स्टडवर ड्रिल घेऊन घाईनं तुटून पडू नये, ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतो.

वेल्डिंगवाल्यानं उरलेल्या टोकावर एक मोठा नट ठेवला आणि नटाच्या पोटातून वेल्ड भरलं. लोखंडाचं वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेड सुरक्षित. वेल्डिंगआधी बॅटरी आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्ही सोडवले होते. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पकड तिथंच सुटते. गरम असतानाच मुळाशी मेणबत्ती टेकवली, मेण आट्यांत ओढलं गेलं, आणि निवल्यावर पाना पुढे-मागे करत स्टड अख्खा आला.

नाशिक, १५० सीसी

धाकट्या दिरानं कारचं उरलेलं ऑइल माझ्या गाडीत भरलं, वाया जाऊ नये म्हणून. कसारा घाट चढताना इंजिन ओरडायचं आणि वेग वाढायचा नाही. क्लच प्लेटा गेल्या असं सगळे म्हणाले.

आपल्या बहुतेक गाड्यांत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लच तर घर्षणावरच चालतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या. मी ते ऑइल काढून एमएचं भरलं, थोडी चालवून तेही बदललं. घसरणं थांबलं, प्लेटांना हात लावावा लागला नाही. भावजींना रागावले नाही, डबा मात्र दाखवला.

बेळगाव, स्प्लेंडर

हेड काढलं की टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी) आत पडते, हे ऐकून होतो, म्हणून तारेनं बांधली होती. तार तुटली. चेन वाकड्या तारेच्या आकड्यानं वर घेता येते, त्याचं काही नाही. खरा प्रश्न टायमिंग जुळवण्याचा. मॅग्नेटवरची टीची खूण केसवरच्या खुणेसमोर आणायची, मग कॅमच्या चक्रावरची खूण हेडवरच्या खाचेसमोर. चेन वर ताणून धरल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही, ती खालच्या दात्यांत गुंतते.

जुळल्यावर लगेच किक नको. प्लग काढून मॅग्नेटच्या नटाला गोटी पाना लावा आणि क्रँकचे दोन पूर्ण फेरे हातानं द्या, तेव्हा कॅमचा एक होतो. कुठं कडक अडलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय, तिथंच थांबा. माझं एका दात्यानं चुकलेलं असं फिरवतानाच कळलं, व्हॉल्व्ह वाकायचा वाचला.

सोलापूर

काका, मला विचारायचंय. पल्सर १५० ला दोन प्लग. त्यातल्या एकाचे आटे आधीच्या मालकानं वाकडा प्लग घुसवून खराब केलेत. हेड न उतरवता होईल का?

कोल्हापूर

आटे नुसते चेपले असतील तर होईल, पूर्ण गेले असतील तर हेड उतरवून लेथवाल्याकडेच न्या. आधी प्लगचं माप बघा, टॅप त्याच मापाचा घ्या. पिस्टन खाली न्या आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते पाहा. टॅपवर ग्रीस, तो आधी हातानंच सरळ धरा, मध्ये मध्ये काढून पुसत राहा. मग भोकातून बारीक नळी घालून व्हॅक्यूमनं कीस ओढा. नवा प्लग शेवटपर्यंत बोटांनीच फिरवा. बोटांनी पूर्ण गेला नाही तर पाना लावू नका, फोटो टाका, पुढचं बघू.