मदत हवी आहे: मांजराचा डोळा वरचेवर गळतो, दर वेळी तोच डोळा

नमस्कार. मी एरवी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आमच्याकडे ढमी नावाची साधी देशी मांजर आहे. वय तीनच्या आसपास, वजन साडेतीन किलो, नसबंदी झालेली, घराबाहेर पाऊल टाकत नाही. जुलैच्या पावसात सोसायटीच्या मीटरच्या खोलीत सापडली तेव्हा तळहाताएवढी होती आणि दोन्ही डोळे चिपडांनी गच्च चिकटलेले. कोमट पाण्याचे बोळे लावून लावून उघडले. उजवा छान झाला. डावा तेव्हापासून त्रास देतोय.

होतं असं की आधी डाव्या डोळ्यातून नुसतं पाणी, मग तपकिरी चिपडं, आतल्या कोपऱ्यातली ती पांढुरकी पापणी अर्ध्यापर्यंत वर आलेली, सोबत दिवसातून चारपाच शिंका. आठदहा दिवसांत बरं. मग दोनतीन महिने ठीक, की परत पहिले पाढे पंचावन्न. जवळच्या दवाखान्यात नेलं की बाहेरूनच बघतात, 'इन्फेक्शन आहे, पाच दिवस घाला' म्हणतात आणि तेच ड्रॉप हातात ठेवतात. तीन वर्षांत सहा वेळा तरी झालं असेल.

करून झालेले उपाय: लिटर बदललं, अगरबत्ती बंद केली (सासूबाईंचा रोष पत्करून), एकदा गुलाबपाणी घातलं (मारू नका), आणि ऑनलाइन मिळते ती लायसिनची (एक अमिनो आम्ल) पेस्ट चार महिने दिली. ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र) लस वेळेवर दिलेली आहे, तरी हे आहेच.

यावेळचा फेरा मंगळवारी सुरू झाला. डोळा नीट उघडतच नाहीये. मागचे ड्रॉप उरले होते, तेच परवापासून दिवसातून तीनदा घालतेय. शिवाय नऊ दिवसांपूर्वी आम्ही एक पिल्लू आणलंय, दीड-दोन महिन्यांचं. त्याला लागण होईल का? आणि हे एकदाचं कायमचं बरं होतं का?

ओटीवरचा_बोका:
डोळा उघडत नसेल तर इथे उत्तरांची वाट बघत बसू नका, आधी डॉक्टर. बाकी गप्पा नंतर.

एक सांगा, त्या ड्रॉपच्या बाटलीवर काय लिहिलंय? आणि आधीचे फेरे कुठल्या महिन्यांत आले, आठवतंय?

साजूक_तुपातली:
आमच्या पर्शियनचे डोळे बारा महिने गळतात. चपट्या तोंडामुळे अश्रू नाकात उतरणारी नळी मुडपलेली असते, म्हणून पाणी गालावर येतं. तांबूस डाग पडतात ते रक्त नाही, अश्रूंमधल्या रंगद्रव्याचे असतात. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून रोज पुसते, संपला विषय. तुमचंही तसंच असेल, काळजी करू नका.

तीन_मांजरींचा_बाप:
साजूकताई, देशी मांजराचं नाक लांब असतं आणि त्या नळीचा त्रास असा येऊन-जाऊन होत नाही. इथे शिंका आहेत, लहानपणी डोळे चिकटलेले होते, दर वेळी तोच डोळा. मला हा हर्पिस विषाणू वाटतो. मी डॉक्टर नाही. माझी मधली मांजर याच दुखण्याची आहे आणि तिच्यापायी सहा वर्षं हेच वाचतोय.

मांजरांचा हर्पिस वेगळा, माणसाला होत नाही, तेव्हा घाबरू नका. रस्त्यावरच्या बहुतेक पिल्लांना तो लहानपणीच गाठतो. पिल्लू बरं होतं, पण विषाणू जात नाही, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन झोपतो. लागण झालेल्यांपैकी साधारण ८० टक्के मांजरं अशी आयुष्यभराची वाहक राहतात. तुमच्या 'कायमचं' या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाला म्हातारपणी नागीण उठते ना, तसंच काहीसं. लसीमुळे आजार सौम्य होतो, पण आधीच आत शिरून बसलेल्याला ती बाहेर काढत नाही.

तो जागा होतो ताणामुळे. मांजराचा ताण म्हणजे आपल्याला हसू येईल अशा गोष्टी. सोफा हलवला, पाहुणे आले, नवं मांजर आलं. आणि गंमत अशी की त्रास लगेच दिसत नाही. ताण आल्यावर चार ते अकरा दिवसांनी विषाणू बाहेर पडायला लागतो. त्यामुळे मांजराने आदल्या दिवशी काय खाल्लं हे आपण आठवत बसतो आणि खरं कारण मागच्या आठवड्यात राहून जातं.

अवांतर: लायसिनवर माझेही बरेच पैसे गेलेत. २०१५ साली त्यावरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. फायदा दिसत नाही, देणं थांबवा, असा सरळ निष्कर्ष आहे. काही प्रयोगांत तर लायसिन खाणाऱ्या मांजरांचाच त्रास वाढला होता.

ढमीची_आई (धागाकर्ती):
तुमचा प्रतिसाद वाचून फोनमधले फोटो काढून बसले. डोळा आला की मी डॉक्टरांना दाखवायला फोटो काढते, त्यामुळे तारखा मिळाल्या.

पहिल्या वर्षी गणपती उठल्यावर चार दिवसांनी. आमचा पाच दिवसांचा, घरात चौदा माणसं, ढमी पाचही दिवस पलंगाखाली. त्याच वर्षी भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात. जानेवारीत घराला रंग काढला, रंगारी गेल्यावर आठ दिवसांनी. पुढच्या वर्षी परत गणपतीनंतर. नंतरचा फेरा आम्ही गावाला गेलो आणि तिला दहा दिवस नणंदेकडे ठेवलं तेव्हाचा. आणि आत्ता पिल्लू येऊन सात दिवस झाले तेव्हा.

मी इतके दिवस धुपाला दोष देत होते, कारण गणपती आणि दिवाळी दोन्हीकडे धूप असतो. रंगाच्या वेळी रंगाच्या वासाला. प्रत्येक वेळचं कारण वेगळं शोधून ठेवलं होतं.

बाटलीवर बारीक अक्षरात आहे: क्लोरॅम्फेनिकॉल आणि डेक्सामेथासोन.

तीन_मांजरींचा_बाप:
ताई, ते ड्रॉप आत्ताच्या आत्ता बाजूला ठेवा. पुढचा थेंब घालू नका.

डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. त्याने लाली आणि सूज पटकन उतरते, म्हणून 'गुण आला' असं वाटतं. पण हर्पिसला त्याने मोकळं रान मिळतं, आणि बुबुळावर जखम असेल तर ती भरत नाही, खोल जाते. डोळा फुटेपर्यंत मजल जाऊ शकते. डोळा मिटून धरणं हे दुखण्याचं लक्षण आहे, आणि जखम तेव्हाच शोधायची असते. डॉक्टर डोळ्याला नारिंगी रंगाची पट्टी लावतात, मग निळ्या उजेडात बघतात. जिथे जखम असते तिथे हिरवं चमकतं. फ्लुरेसिन टेस्ट म्हणतात तिला. पाच मिनिटांचं काम. ही तपासणी झाल्याशिवाय मांजराच्या डोळ्यात स्टेरॉइड घालायचंच नसतं.

पूर्वीचे डॉक्टर करत नसतील तर दुसरीकडे जा. फोन करूनच जा, 'डोळ्याची डाय टेस्ट करता का' एवढं विचारा.

ओटीवरचा_बोका:
+१. जवळपास कोणी करत नसेल तर लोकल पकडून परळला या, बैल घोडा हॉस्पिटल. नावावर जाऊ नका, कुत्री-मांजरी रांगेत असतात. सकाळी लवकर निघा आणि बास्केटवर जुनी ओढणी टाका, गर्दी दिसली नाही तर मांजर कमी ओरडतं.

साजूक_तुपातली:
मी उगाच काळजी करू नका म्हटलं, माफ करा. माझ्याही बाटलीवरचं आत्ता उठून वाचून आले. माझे नुसते वंगणाचे निघाले, हुश्श.

पाटावरवंटा:
मेडिकलवाल्याने परस्पर माणसांच्या नागिणीच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नका हं. ॲसायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर पोटातून गेलं तर मांजराला विषारी आहे. आमच्या ओळखीत कोणीतरी 'हर्पिस तो हर्पिस' म्हणून देणार होतं, नशिबाने आधी विचारलं. मांजरांना चालते ती फॅमसायक्लोव्हिर, तीही वजन बघून डॉक्टरांनी ठरवलेली. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर स्वप्नातही नको, त्याने मांजर मरतं.

ढमीची_आई:
दुसऱ्या दिवशीचा वृत्तांत.

तीन ठिकाणी फोन केले. तिसऱ्या ठिकाणी 'हो, करतो, या' म्हणाले. दिवे बंद करून निळा उजेड टाकला आणि मलासुद्धा दिसलं. बुबुळावर हिरवी बारीक रेघ, तिला दोन फाटे, अगदी वाळलेल्या काटकीसारखी. डॉक्टर म्हणाले अशी फांदीसारखी जखम म्हणजे हर्पिसचीच सही. नशिबाने वरवर आहे. अजून चारपाच दिवस तेच ड्रॉप घातले असते तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही.

आता स्टेरॉइड नसलेले अँटिबायोटिक ड्रॉप, कृत्रिम अश्रू आणि फॅमसायक्लोव्हिरची गोळी. डोस मुद्दाम देत नाही. गोळी महाकडू आहे, पहिल्या खेपेला तोंडातून फेस काढून माझ्या अंगावर उडवला. आता तुकडा बांगडा माशाच्या काटे काढलेल्या गोळ्यात दडवून देते, वर पाणी पाजते. गळ्यात कॉलर आहे, त्यामुळे दाराच्या चौकटीला धडकत हिंडतेय आणि माझ्याकडे बघून तोंड फिरवतेय.

ड्रॉप घालायची युक्ती तिथल्या मदतनिसाने शिकवली. मी समोरून जायचे, म्हणून ती पळायची. आता टॉवेलात गुंडाळून पाठ माझ्या पोटाला लावून बसवते, हनुवटी वर करते आणि बाटली डोक्यामागून आणते. तिला बाटली दिसतच नाही. दोन ड्रॉपांमध्ये पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

नाक चोंदल्यामुळे वास येत नाही म्हणून खात नव्हती. खाणं थोडं गरम करून दिलं तर लगेच आली. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर लगेच फोन करा असं बजावलंय, मांजराचं उपाशी राहणं यकृतावर येतं म्हणे.

पिल्लाचं काय करू? सध्या बाथरूममध्ये आहे आणि रडतंय.

तीन_मांजरींचा_बाप:
सही ऐकून बरंही वाटलं आणि वाईटही.

पिल्लाला आत्ता वेगळंच ठेवा, ढमीच्या डोळ्याचं पाणी थांबेपर्यंत. भांडी, लिटर वेगळं, ढमीला हाताळलं की साबणाने हात. हा विषाणू घराबाहेर चिवट नसतो, ओलाव्यात फार तर १८ तास टिकतो. साधा साबण पुरतो. फिनाइलने फरशी पुसू नका, मांजरांना ते विषारी. पिल्लाची लस डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा. दोन महिन्यांपासून देतात, मग तीनचार आठवड्यांनी पुढची. त्यालाही रस्त्यावरून आणलं असेल तर खरं तर तेच वाहक असू शकतं, ढमीकडून लागायला काही उरलेलंच नसेल. पिल्लाचे डोळे लाल, सुजलेले दिसले तर मात्र क्लॅमिडियाचाही (डोळ्यांना होणारा जिवाणूंचा संसर्ग) विचार करायला सांगा. ते औषध वेगळं, बरेच आठवडे चालतं आणि घरातल्या सगळ्या मांजरांना द्यावं लागतं.

नंतर ओळख करून देताना घाई नको. आधी एकमेकांच्या अंथरुणाचा वास, मग दाराच्या फटीतून, मग बघणं. आमच्याकडे तीन आठवडे लागले.

ढमीची_आई:
पिल्लू मीटरच्या खोलीतलंच आहे. त्याच खोलीतलं. म्हणजे बहुतेक तेच.

सातव्या दिवशी परत डाय टाकून बघितलं, हिरवं काही नाही. कॉलर निघाली. कृत्रिम अश्रू अजून काही दिवस.

आता गणपतीचं. यंदा सासूबाईंशी बोलून ठेवलंय. आतली खोली पाच दिवस बंद, आत ढमी, तिचं लिटर, पाणी आणि माझी न धुतलेली ओढणी. पाहुण्यांच्या पोरांना 'मनी कुठेय' विचारायला बंदी. सासूबाई म्हणाल्या, मग उंदीर तेवढा बाहेर आणि मांजर आत, बरोबरच आहे.

दिवाळीच्या फटाक्यांचं काय करता तुम्ही लोक? आमच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत.