शाफ्ट तुटला, महिन्याआधीच्या डीपीत (क्रॅक शोधायची रंगाची तपासणी) काहीच नव्हतं, असं कसं काय?

हिंगणा_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, कंपनीचं नाव नाही टाकत. परवा रात्रपाळीत ब्लोअरचा शाफ्ट गेला, बेअरिंगच्या मागे जिथे डायमीटर बदलतो ना, बरोब्बर त्या स्टेपवर. ईएन एट मटेरियल (मध्यम कार्बनचं पोलाद), 1450 आरपीएम, पाचेक वर्षं चालला असेल. तुटलेलं तोंड पाहिलं तं एका कडेपासून शिंपल्यावर असतात तशा गोल रेघा निघाल्या आहेत, तेवढा भाग गुळगुळीत, आणि दुसऱ्या बाजूचा पाव भाग खडबडीत, गुळाची ढेप फोडल्यासारखा. साहेब म्हणतात मटेरियलच भिकार, सप्लायरला धरा. माझी अडचण वेगळी आहे. महिन्याआधी शटडाऊनमधे मीच डाय पेनिट्रंट, म्हणजे डीपी, मारलं होतं, लाल रंग, पांढरा डेव्हलपर, सगळं केलं, एक रेघ दिसली नाही, आणि आता सगळे माझ्याकडेच पाहून राहिले. डिप्लोमाला शिकवलं होतं की क्रॅक एका मर्यादेपेक्षा बारीक असला तं वाढतच नाही, थ्रेशोल्ड असतो म्हणे. मग हा काऊन वाढला?

तर्री_जास्त
साहेब लोकांच्या राज्यात मटेरियल नेहमीच भिकार असते भाऊ. ड्रॉइंग कधीच चुकत नाही 😄

धातुवाला
आधी हिशोब करून घ्या, मग बाकीचं. शाफ्ट फिरतो तेव्हा त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. 1450 गुणिले 60 गुणिले 24, म्हणजे दिवसाला 20 लाख 88 हजार वेळा. आता समजा क्रॅक दर फेऱ्याला एक अँगस्ट्रॉम पुढे जातो, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, लोखंडाच्या दोन अणूंमधल्या अंतरापेक्षाही कमी (ही सरासरी आहे, क्रॅकची पूर्ण कड काही दर फेऱ्याला सरकत नाही). तरी दिवसाला 0.2 मिमी झालं, महिन्याला 6 मिमी. आणि वाढता वाढता वेगही वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. तुम्ही डीपी मारलं त्या दिवशी अर्धा मिलिमीटरचा क्रॅक असेल तर तो तुम्हाला न दिसणं यात नवल काहीच नाही.

एक विचारू का, डीपी मारताना बेअरिंग काढलं होतं?

हिंगणा_मेंटेनन्स
खरं सांगू का, नाही. चार तासांचं शटडाऊन होतं, जेवढा भाग उघडा दिसला तेवढ्यावर मारलं. आणि त्याआधी वायर ब्रशने घासलं होतं, ग्रीस फार होतं.

धातुवाला
बस, झालं. वायर ब्रशने धातू क्रॅकच्या तोंडावर लेपला जातो, आत ग्रीस बसलेलं, रंग जाईल कुठून? शिवाय मशीन बंद असताना क्रॅकची दोन्ही तोंडं एकमेकांवर घट्ट बसलेली असू शकतात. डीपीआधी सॉल्व्हंटने धुवायचं, घासायचं नाही.

आता थ्रेशोल्ड. तुमच्या मास्तरांनी चुकीचं नाही सांगितलं, अर्धं सांगितलं. तो आकडा लॅबमधे लांब क्रॅकवर मोजतात, काही मिलिमीटरच्या. लांब क्रॅकला एक मदत असते, तो ज्या धातूतून गेला तो मागे थोडा ताणलेला राहतो, त्यामुळे लोड अजून पूर्ण उतरलेलाही नसतो आणि क्रॅकची तोंडं आधीच टेकतात. वुल्फ एल्बर नावाच्या संशोधकाने 1970 च्या सुमारास दाखवलं हे. तोंडं टेकली की टोकाला फेऱ्याचा पूर्ण मार बसत नाही. बारीक क्रॅकच्या मागे टेकायला काही नसतंच, त्यामुळे अख्खा मार टोकावर. म्हणून हिशोबाने जो क्रॅक झोपलेला असायला पाहिजे तो चालत असतो, कधी कधी लांब क्रॅकपेक्षाही जोरात. 1975 मधे पिअर्सन या संशोधकाने अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूंवर हे मोजून दाखवलं, तेव्हापासून लोक या बारीक क्रॅकमागे लागले.

पण तो सरळ चालत नाही. सुरुवातीला क्रॅक एकदोन दाण्यांएवढाच असतो, दाणे म्हणजे धातूचे स्फटिक, केसापेक्षा बारीक. ईएन एटमधे मऊ फेराइट आणि कडक पर्लाइट असे दोन तऱ्हेचे दाणे असतात, त्यातल्या फेराइटच्या दाण्यात थर एकमेकांवरून घसरून घसरून तो सुरू होतो, ताणाला साधारण 45 अंशात तिरपा. दाण्यात असेपर्यंत पळतो, सीमेवर आला, पुढे कडक पर्लाइट लागला, की अडतो. आपल्या नागपूरच्या बर्डीत व्हेरायटी चौकात गाडीचं होतं तेच, सुटलो सुटलो म्हणेपर्यंत पुढचा सिग्नल. काही क्रॅक तिथेच कायमचे मरतात. जो निसटला तो काही दाणे पार करून ताणाला काटकोनात वळतो, मग वर्धा रोड मोकळा. एकदा लांबी झाली की एकेका दाण्याने फरक पडत नाही, आणि पुस्तकातला नियम तिथून लागू होतो.

विमानमिस्त्री
आमच्या लाइनमधे म्हणूनच "दिसलं नाही" याचा अर्थ "नाही" असा कोणी घेत नाही, जेवढा क्रॅक नजरेतून सुटू शकतो तेवढा आहे असं धरूनच पुढच्या तपासणीची तारीख ठरते. 1988 चं अलोहा एअरलाइन्सचं 737 आठवा, 89,680 उड्डाणं झालेली, रिव्हेटच्या ओळीत छोटे छोटे क्रॅक, ते एकमेकांना जुळले आणि हवेतच पुढच्या भागाचं छत उडालं. एकएकटा क्रॅक किरकोळच होता.

जुना_टर्नर
पोराहो एवढा अभ्यास केला पण स्टेपच्या कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई, किती दिला ते कोणी विचारलंच नाही. तुटलेलं तोंड पाहा, तीन हिस्से गुळगुळीत आन एक हिस्सा खडबडीत, म्हणजे पाव भागावर हा शाफ्ट शेवटपर्यंत लोड ओढत होता. भिकार मटेरियल असं टिकत नसते. क्रॅक सुरू झाला तिथे नखाने पाहा, टूलची रेघ लागते का. लागत असेल तं दोष लेथवर आहे. नवीन करताना ड्रॉइंगएवढा रेडियस, वरून बारीक एमरी पेपर लांबीच्या दिशेने मारायची, गोल नाही. आन कोणी म्हणलं जुनाच वेल्डिंग भरून चालवू तं हात जोडून नाही म्हणायचं.

हिंगणा_मेंटेनन्स
दादा, आत्ताच पाहून आलो. ड्रॉइंगवर 3 मिमी रेडियस आहे, शाफ्टवर कोपरा सरळ काटकोन, नख अडकते. स्टोअरमधला स्पेअर काढला तं तोही तसाच, त्याच लेथवरचा. उद्या सकाळी तो घेऊन जातो टर्नरकडे. साहेबांना अजून सांगितलं नाही, ड्रॉइंगवर शाफ्ट चेक करणाऱ्याची सही त्यांचीच आहे.

तर्री_जास्त
😶