रीफ टाकीला रेती कोणती घ्यावी? वैनगंगेची चालेल का?

वैनगंगाकाठ (पवनीजवळ, जि. भंडारा):
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्या खूप झाल्या, आता खाऱ्या पाण्याची मांडतोय. ९० × ४५ × ४५ सेंमीची काच, क्लाउनफिशची जोडी, पुढे जमलं तर मऊ प्रवाळ. नागपूरचा दुकानदार अ‍ॅरागोनाइटच (प्रवाळ-शिंपल्यांची पांढरी रेती) घ्या म्हणतो, पण भाव ऐकून डोळे पांढरे झाले. इथे नदी दारात आहे. तिचीच रेती धुऊन टाकली तर? थर किती द्यायचा? उन्हाळ्यात आमच्याकडे लाइन तासन्‌तास जाते, हेही धरून सांगा.

खारा_वऱ्हाडी:
राजेहो, नदीची रेती स्लॅब टाकाले ठेवा! ते नदीच्या रेतीतली सिलिका विरघळून शेवाळ येते म्हणतात ना, ते लोकं लय वाढवून सांगतात. नवीन टाकीत डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ, कोणत्याही रेतीवर येते अन् जाते. खरी भानगड गाळाची अन् लोखंडाच्या काळ्या कणांची. चुंबक फिरवून पाहा, काहीतरी चिकटलंच समजा.

अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पण ते पीएच सांभाळते या भरोशावर राहू नका भाऊ. टाकीचा पीएच ८ च्या वर असला की ते विरघळतच नाही म्हणा ना. क्षारता वेगळी मोजाच लागते.

दाणा १ ते २ मिमीचा घ्या. रव्याएवढा बारीक घेतला तर वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) सगळी रेती एका कोपऱ्यात लोटते अन् मधात काच उघडी पडते. थर ३ सेंमी. ९० × ४५ × ३ म्हणजे १२ लिटर, साधारण १८ किलो.

अमरावतीची_ताई:
१८ किलोचा खर्च तरी कशाला? तळ उघडा ठेवा, घाण दिसते आणि ओढून घेता येते. दुकानात एक सांभाळा. पांढरी संगमरवरी चुरीही 'कोरल सँड' म्हणून खपवतात. व्हिनेगर टाकून फसफसलं म्हणजे अ‍ॅरागोनाइट असं नाही, संगमरवरही फसफसतो. दाणे भिंगाखाली बघा, शिंपल्यांचे तुकडे दिसतात का ते.

वैनगंगाकाठ:
ताई, उघडी काच घरच्यांना पटणार नाही. १० सेंमीचा जाड थर नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठतं ते) कमी करतो असं वाचलं, तो कसा राहील?

खारा_वऱ्हाडी:
करते, पण तुमच्या गावात नको. लाइन गेली की पंप बंद, पाणी हलत नाही. रेतीतले जिवाणू तेव्हाही ऑक्सिजन खातेच, अन् पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी मावते. जितका जाड थर तितका धोका. बॅटरीवरचा एअरपंप रेतीच्या आधी घ्या.

मांडताना दगड काचेवर बसवा, मग भोवती रेती भरा. रेतीवर दगड ठेवला अन् गोबी माशानं खालून उकरलं तर दगड सरळ काचेवर येते. बोअरचं पाणी टाकीत नको, आरओ-डीआयचंच (क्षार काढलेलं शुद्ध पाणी) घ्या.

पाणी बदलताना सायफननं दरवेळी चौथाई रेतीच साफ करा. बाकी काम नॅसॅरियस गोगलगायी करते. लाल बुरशीसारखा थर आला तर तिथं प्रवाह वाढवा. काळा पट्टा दिसला अन् सडक्या अंड्याचा वास आला तर ढवळू नका, विषारी वायू पाण्यात येते.

अमरावतीची_ताई:
जाड थराबद्दल सहमत. आणि रेती चाळणारा स्टारफिश कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका. एवढ्याशा टाकीत तो उपाशी मरतो.

वैनगंगाकाठ:
ठरलं, ३ सेंमी. एअरपंप कोणता घेतला तुम्ही लोकांनी? किती तास चालतो?