ओव्हरक्लॉक केलं आणि पीसी रुसला : आपापले अनुभव लिहा

जानेवारीत, म्हणजे मुंबईत ज्याला थंडी म्हणतात त्या दिवसांत, खिडकी उघडी टाकून ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायची, सगळ्या चाचण्या पास करायच्या, आणि मे उजाडला की काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचं. बऱ्याच जणांचं हे होतं. मग कॅबिनेट टॅक्सीत घालून कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. तिथे काउंटरवरचा मुलगा झाकणही न उघडता म्हणतो, 'बोर्ड गया.' बहुतेक वेळा बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, गेलेला नसतो. म्हणून हा धागा. लक्षण काय होतं, काय करून पाहिलं, शेवटी निघालं काय, ते लिहा. दुकानांची नावं नकोत, उगाच वाद होतात. 'कशाला करता असले उद्योग' हा प्रतिसाद घरी मिळतो, इथे नको.

गिरगावकर :
घरात डीडीआर४ ३२००च्या दोन रॅम होत्या, भावाने ३६००च्या आणखी दोन आणल्या. चारही लावून ३६००चं एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने पळवणारं तयार सेटिंग, चालू केलं. पंखे फिरतायत, स्क्रीन मेलेली. बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात, त्यातला डीरॅमचा लागून राहिलेला. अर्धं निदान तिथेच झालं.
भिंतीवरचा स्विच बंद केला, केबल काढली, मग पॉवरचं बटण दाबून धरलं, म्हणजे आत उरलासुरला चार्ज निघून जातो. बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल नेमका ग्राफिक्स कार्डाखाली, म्हणून आधी कार्ड उतरवलं. सेल बाहेर ठेवून चहा झाला तरी ढिम्म. काही बोर्डांत सेटिंग नुसत्या सेल काढण्याने जात नाही. मग क्लिअर सीमॉसच्या, म्हणजे बोर्डाची साठवलेली सेटिंग पुसणाऱ्या, दोन पिना शोधल्या, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहाएक सेकंद एकमेकींना टेकवल्या, आणि एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावली. २१३३च्या मूळ वेगावर उठला गडी! आता चारही आहेत, पण ३२००वर, १.३५ व्होल्टला. वरच्या ४००साठी कोण जागरण करणार?

जुना_गिऱ्हाईक :
तुमच्या पिढीला सगळं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये, बदलता येतं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला तेव्हा निम्मं काम नेलपॉलिशवर चालायचं. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डाच्या बसचा वेग गुणिले मल्टिप्लायर. त्याचा मल्टिप्लायर ४.५ला कुलूपबंद, पण बस ६६ची १०० मेगाहर्ट्झ केली की ३००चा थेट ४५०! ज्या बोर्डावर तशी सोय नसे तिथे प्रोसेसरच्या कडेवरची बी२१ ही पिन नेलपॉलिशने झाकायची. ताईची बाटली मी त्यासाठीच पळवली होती.
खरी गंमत बसच्या ८३च्या सेटिंगची. तिथे कार्डं आणि डिस्क जोडणारी पीसीआय बस ३३ऐवजी ४१.५ मेगाहर्ट्झला पळते आणि हार्ड डिस्क बिचारी त्याच बसवर. पीसी सुरू व्हायचा, बीप द्यायचा, आणि विंडोज ९८ अर्ध्यात माती खायचं. १००ला मात्र भागाकार बदलून पीसीआय परत ३३वर, म्हणून जास्त वेग पचायचा आणि कमी वेग पचत नसे. तेव्हा 'सुरू होत नाही' म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न आजही तोच : बायोसपर्यंत पोचतो की नाही? पोचत असेल तर सेल काढण्याआधी सेफ मोडमध्ये जाऊन विंडोजबरोबर उठणारं ओव्हरक्लॉकचं सॉफ्टवेअर काढा.

कांदिवली_पूर्व :
डीडीआर५वाल्यांसाठी एवढंच : थांबा. एएमडीच्या एएम५ बोर्डावर रॅमची सेटिंग बदलली की मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. शेजारचा मुलगा दर मिनिटाला स्विच बंद करत होता, म्हणजे ट्रेनिंग दर वेळी पहिल्यापासून. त्याच्या आईने त्याला जेवायला बसवलं, तोवर पीसी चालू.

ठाणे_लोकल :
ठाणं मुंबईत धरत असाल तर लिहितो. सीमॉस क्लिअर झालं, पीसी उठला, घरात टाळ्या. आणि समोर निळा पडदा : बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की टाका, ४८ आकडे. बायोस मूळपदावर आला की टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटच्या सेटिंग बदलू शकतात, मग विंडोजला वाटतं डिस्क कुणी दुसऱ्याच यंत्राला लावली. रविवारची रात्र, सकाळी बायकोचं ऑफिसचं काम त्याच पीसीवर. की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळाली. मी एकेक आकडा वाचतोय, ती टाकतेय, 'सात की नऊ, नीट सांग' चाललंय. आत गेल्यावर एकही साइट उघडेना, कारण तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली आणि सुरक्षा प्रमाणपत्रं जुळत नव्हती. घड्याळ लावलं, सगळं सुरळीत. एखाद्याचं यापुढेही अडतं : साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून रेडवर (आरएआयडी) जातो आणि विंडोजला डिस्कच सापडत नाही. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि की कागदावर.

दादर_पश्चिम :
आमच्याकडे ओव्हरक्लॉकवर नाहक आळ आला. खेळ सुरू केला की पीसी धाडकन बंद, मग उठायलाच तयार नाही. सगळं डिफॉल्टला नेलं तरी तेच. दोषी टेबलाखाली बसलेला ६०० व्हीएचा यूपीएस, जो साधारण ३६० वॉटच झेपवतो. थेट भिंतीतल्या प्लगला लावला आणि प्रश्न मिटला.

वर्सोवा :
समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आधी रॅम काढून पिना बघाव्यात. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातले कपडेसुद्धा ओले लागतात, तिथे पिनांचं काय! काळपट थर असेल तर पांढऱ्या खोडरबरने हलके पुसायचं.

गिरगावकर :
खोडरबर नको हो. मुलामा झिजतो, चुरा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड.

वर्सोवा :
सगळ्या मुंबईतले रिपेअरवाले खोडरबरच वापरतात.

गिरगावकर :
म्हणून तर!

परळ_नाका :
सगळेच पीसी उठतात असं वाटायला नको, म्हणून आमच्या मित्राचंही लिहितो. स्वस्तातल्या बोर्डावर आठ कोरांचा प्रोसेसर, व्होल्टेज हाताने चढवलेलं. प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर उपसला तर एका कोपऱ्यात प्लास्टिक पिवळं पडून पिनेला चिकटलेलं, आणि जळका वास. तो प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिला, चालला. म्हणजे इथे बोर्डच गेला होता. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत धरत नाहीत, तेव्हा नवा बोर्ड खिशातून. असा वास आला तर 'एकदा चालू करून बघू' म्हणू नका.

धागाकर्ता :
ज्यांच्या बोर्डावर ते चार दिवे नाहीत त्यांनी बोर्डाच्या पिनांवर बसणारा छोटा स्पीकर घ्या, कुठे अडलं ते तो बीपने सांगतो. हल्ली बऱ्याच कॅबिनेटबरोबर तो येत नाही, लॅमिंग्टन रोडला सुटा मिळतो. बीप किती आणि लांब की आखूड ते मोजून इथे लिहा, सोबत बोर्डाचं मॉडेल द्या. बीपचा अर्थ प्रत्येक बायोसचा वेगळा असतो.