मुखपृष्ठ आणि मांडणीचं काम मराठी वाचणाऱ्याच माणसाला द्या

धोटा

माझ्या वडिलांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांत ३१ वर्षं चादरी विणल्या. काम सुटल्यावर सहा लांबट चोपड्या भरून आठवणी लिहिल्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण त्यांची शाळा मराठी, म्हणून लिहिलं मराठीत. आम्ही भावंडांनी ते स्वखर्चाने छापायचं ठरवलं. ३०० प्रती, डेमी आकार, २०८ पृष्ठं.

मुखपृष्ठ आणि आतली मांडणी, दोन्ही कामं ऑनलाइन शोधून परराज्यातल्या दोन फ्रीलान्सरना दिली. मुखपृष्ठाचे ७,००० आणि मांडणीचे पृष्ठाला ४० प्रमाणे ८,३२०. दोघांचे जुने नमुने सुंदर होते, दोघं बोलायलाही चांगले. दोघांनाही मराठी वाचता येत नव्हतं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

मुखपृष्ठ आलं. खड्ड्यात पाय सोडून हातमागावर बसलेला म्हातारा, खिडकीतून पडलेलं पिवळं ऊन. आम्ही सगळे खूश. वडिलांनी फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा माझा माग नाही." अख्खं पुस्तक यंत्रमागाच्या आवाजाबद्दल आहे. त्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला. पहिल्याच प्रकरणात ते लिहितात की चार माग एकदम चालू असले की माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. चित्रकाराला ते वाचता आलं असतं तर त्याने हातमाग काढलाच नसता.

मांडणीत तर याहून वाईट झालं. सगळीकडचं "तिसऱ्या पाळीला" हे "तिसर्या पाळीला" झालं. "वाऱ्याने" चं "वार्याने". काही ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. आणि वडील मागाला अधूनमधून आमच्या घरातला शब्द वापरतात, "मग्गम". तो सतरा ठिकाणी "मग गम" असा तुटला. मी पीडीएफ मोबाइलवर चाळली होती, पन्नासेक पानं बरी दिसली म्हणून होकार दिला. दहा प्रती आधी छापून घेतल्या म्हणून निभावलं. ३०० छापल्या असत्या तर वडिलांना दाखवायला तोंड राहिलं नसतं.

माझं मत आता पक्कं आहे. मराठी पुस्तकाचं काम मराठी वाचणाऱ्याकडेच द्यायचं. आणि पैसे कमी असतील तर आधी मांडणीवर घालायचे, मुखपृष्ठावर नंतर.

पार्क चौक

ताई, वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्ष मला पटत नाही. तुम्ही त्या चित्रकाराला काय सांगितलं होतंत? "विणकराच्या आठवणी" एवढंच सांगितलं असेल, तर पुण्यातल्या मराठी माणसानेही हातमागच काढला असता. चादरीचा यंत्रमाग कसा असतो, त्यावर नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्डच्या भोकांच्या पट्ट्यांची माळ कशी फिरते, हे सोलापूर सोडलं तर किती जणांनी बघितलंय? भाषा आली म्हणून माग कळतो असं नाही.

माझ्या कथासंग्रहाचं मुखपृष्ठ केरळातल्या मुलाने केलं. मराठीचं एक अक्षर त्याला येत नाही. मी प्रत्येक कथेचा पाच ओळींचा सारांश हिंदीत लिहून पाठवला, सिद्धेश्वर तलावाचे पहाटेचे बारा फोटो काढून पाठवले. पुस्तकाचं नाव इथल्याच एका सुलेखनकाराकडून लिहून घेतलं आणि ती अक्षरं चित्र म्हणूनच त्याला दिली, म्हणजे फॉन्ट बिघडायचा प्रश्नच आला नाही. आजही लोक पुस्तक आधी हातात घेतात ते त्या चित्रामुळे.

आणि मांडणी आधी, मुखपृष्ठ नंतर, हे तर साफ उलटं आहे. आपल्यासारख्या अनोळखी लेखकाचं पुस्तक टेबलावर मांडलेलं असतं किंवा मोबाइलच्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढं दिसतं. त्याने हात पुढे केला नाही तर आतला रफार बघायला येणार कोण?

धोटा

सांगताना मी कमी पडले, हे मान्य. पण माझ्या वडिलांचा वाचक टेबलावरून पुस्तक उचलणारा नाही. त्यांच्यासोबत काम केलेली माणसं, त्यांची मुलं, अशोक चौकातले शेजारी. ते मुखपृष्ठ कसंही असलं तरी घेणार आहेत आणि पहिल्या पानापासून वाचणार आहेत. त्यांना "तिसर्या" लागलं की अडखळणार. कोणासाठी छापतोय त्यावर पैसे कुठे घालायचे ते ठरतं.

अक्षरजुळणी

२४ वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची जुळणी, करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताईंच्या "तिसऱ्या" चं काय झालं ते सांगतो. "ऱ्य" दोन प्रकारे टाइप होतो. एकात त्याला स्वतंत्र ऱ असतो, त्याचा पाय मोडून पुढे य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना ते अदृश्य चिन्ह गळून पडलं की र चा रफार होतो आणि य च्या डोक्यावर चढतो. मराठी न येणाऱ्याला तो रफार बरोबरच वाटणार, कारण हिंदीत आपला हा चंद्रकोरीसारखा र नाहीच. दर्या आणि दऱ्या यातला फरक त्याने कधी बघितलेलाच नसतो. रफार शेजारी गेला असेल तर मूळ टायपिंग श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालं असणार आणि कन्व्हर्टरमधून काढल्यावर कोणी ताळा केला नसणार.

इथपर्यंत मी ताईंच्या बाजूने. पण "मराठी वाचणाऱ्यालाच द्या" एवढ्याने काम होत नाही. आमच्याच धंद्यातले पुष्कळ जण आजही जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्येच जुळणी करतात. छापून सुरेख येतं, चूक एक नाही. पण चार वर्षांनी ई-बुक करायचं म्हटलं की त्या फाइलमधून मजकूर बाहेर येतो तो नुसता इंग्रजी चिन्हांचा कचरा. लेखक पुन्हा टायपिंगचे पैसे भरतो. मराठी अस्सल येणाऱ्या माणसाने केलेलं हे नुकसान मी किती वेळा निस्तरलंय. उलट दिल्लीकडचे काही जण बघितलेत ज्यांना मांडणीच्या इनडिझाइन प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावल्याशिवाय जोडाक्षरं फुटतात हे माहीत असतं, जे मजकुराची भाषा मराठी ठेवतात म्हणून ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर फुकट मिळतो आणि त्यात ही वळणं मुळातच आहेत.

माझा सल्ला असा. कोणाला काम द्यायचं ते गाव आणि भाषा बघून ठरवू नका. तुमच्याच मजकुरातली आठ पानं द्या. त्यात ऱ्य, र्‍ह, ष्ट्र, ङ्म, क्त असलेले शब्द मुद्दाम येऊ द्या, एखादी कविता, एखादी तळटीप येऊ द्या. त्या आठ पानांचे पैसे द्या, फुकट मागू नका. कागदावर छापून, पट्टी ठेवून ओळ ओळ वाचा. मग संपूर्ण काम द्या.

आणि मजकूर देताना शुद्ध करून द्या. माझ्याकडे व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यांनी टाइप केलेली पुस्तकं येतात, परिच्छेदाच्या सुरुवातीला स्पेसबार दहादा दाबलेला, आणि वर पृष्ठाला २० रुपयांत करा म्हणतात. त्या भावात कोणी "मग्गम" बरोबर आहे का हे थांबून विचारणार नाही.

होटगी रोड

एवढा सगळा खटाटोप कशाला? फुकट अॅप आहेत. एआयला सांगितलं की दोन मिनिटांत मुखपृष्ठ. माझ्या कवितासंग्रहाचं मी स्वतः केलं, खर्च शून्य.

रंगरेषा

होटगी रोड, तुमचं काम झालं याचा आनंद आहे. पण ताईंच्या वडिलांची तक्रार काय होती ती पुन्हा वाचा. यंत्राने काढलेल्या मागात आडवा धागा नेणारा धोटा कुठून कुठे जातो, उभे धागे कशात ओवलेत, हे बघणाऱ्या विणकराला पाच सेकंदांत कळतं की हा माग चालणार नाही. ज्याने आयुष्य त्यावर काढलं त्याच्या पुस्तकावर ते चालवून घ्यायचं का?

मी मुखपृष्ठं करते, सोलापुरातच. पार्क चौक यांचं मला बरंचसं पटतं. मात्र सारांशावर काम करणं आणि पुस्तक वाचून काम करणं यात फरक पडतो. मी संहिता दोनदा वाचते. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. ताईंनी लिहिलंय ना, ओठांवरून बोलणं ओळखायचे, माझ्यासाठी मुखपृष्ठ तिथेच आहे. तिथे माग न दाखवताही आवाज दाखवता येईल. हे सारांशात येत नाही, कारण सारांश लिहिणाऱ्याला ते महत्त्वाचं वाटलेलं नसतं. मराठीत मुखपृष्ठकाराचं नाव पुस्तकात छापायची पद्धत आहे, ती त्याने पुस्तक वाचलेलं असतं म्हणूनच, असं मी मानते.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे येणारा लेखक काय करतो? पृष्ठसंख्या ठरायच्या आधीच मुखपृष्ठ मागतो. २०८ पृष्ठं म्हणजे १०४ पानं, त्या कागदाच्या जाडीवर कण्याची रुंदी ठरते. नंतर मुद्रकाच्या सांगण्यावरून ७० ऐवजी ८० जीएसएम (कागदाचं वजन) कागद घेतला की कणा बदलतो, नाव मलपृष्ठावर सरकतं, आणि फोन आम्हाला येतो. म्हणून क्रम ताई म्हणतात तसाच हवा, मांडणी आधी. पण कारण वेगळं आहे. मुखपृष्ठ कमी महत्त्वाचं म्हणून नाही, तर मांडणी संपल्याशिवाय त्याचं मापच मिळत नाही म्हणून.

पैशांचं स्पष्ट बोला. मी निम्मे आधी घेते, दोन कल्पना दाखवते, तीन वेळा दुरुस्ती. चौथ्या वेळेपासून वेगळे पैसे. हे चिठ्ठीवर लिहून दोघांची सही. काही लोक म्हणतात सगळ्या मूळ फाइल घ्याच. मी देत नाही. छपाईची पीडीएफ देते, ई-बुकसाठी चित्र देते. मूळ फाइल म्हणजे माझी हत्यारं.

अक्षरजुळणी

रंगरेषाताई, इथे माझा विरोध नोंदवतो. मुखपृष्ठाचं तुम्ही म्हणता ते ठीक. मांडणीची मूळ फाइल मात्र लेखकाला मिळालीच पाहिजे. दुसऱ्या आवृत्तीत तीन शब्द बदलायचे असले आणि मांडणीवाला गाव सोडून गेला असला तर लेखकाने काय करायचं? मी पहिल्याच दिवशी सांगतो, फाइल तुमची.

रंगरेषा

दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठावरचं वाक्य बदलायचं असेल तर मी बसून बदलून देते, फुकट. फाइल दिली की तीच कोणीतरी भलत्या रंगात छापतं आणि खाली नाव माझं राहतं. हे माझ्या बाबतीत झालंय.

हक्काबद्दल मात्र लेखकांनी जागरूक राहावं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पैसे दिले म्हणजे चित्र कायमचं आपलं, असं गृहीत धरू नका. चिठ्ठीत "छापील आणि ई-बुक, सर्व आवृत्त्या" एवढे शब्द तरी घाला. मी स्वतः ते लिहून देते.

निवृत्त ग्रंथपाल

एक गोष्ट कोणी बोललं नाही. ग्रंथालयात पुस्तक उभं असतं, वाचकाला मुखपृष्ठ दिसतच नाही, दिसतो तो कणा. हिराचंद नेमचंद वाचनालयातल्या कोणत्याही कपाटासमोर उभं राहून बघा. स्वखर्चाच्या पुस्तकांपैकी कितीतरी पुस्तकांच्या कण्यावर नावच नसतं, किंवा इतकं बारीक असतं की चष्मा लावूनही लागत नाही. त्या पुस्तकांना हात लागत नाही.

दुसरं, मांडणीवाले आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावतात. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. अर्ज भरून देण्याची मेहनत म्हणून कोणी थोडे घेत असेल तर हरकत नाही, पण क्रमांकाची किंमत म्हणून देऊ नका. आणि आधी अर्ज करा, वेळ लागतो.

पार्क चौक

कण्याचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या पुस्तकाचा कणा आत्ता उठून बघितला. नाव आहे, पण तपकिरीवर काळं.

धोटा

सगळ्यांचे आभार. काल अक्षरजुळणींनी सांगितलं तशी आठ पानं निवडली. इथल्या एका मुलीला दिली, पैसे आधी दिले. तिने छापून आणली आणि येताना एक प्रश्न घेऊन आली: "मग्गम" तिरप्या अक्षरांत घ्यायचा की सरळ? तो परका शब्द आहे की तुमचा? मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले सरळ.

पार्क चौक, तुमचं एक घेतलं. काल वडिलांना घेऊन त्यांच्या जुन्या कारखान्यात गेले. आता तिथे रेपिअरचे, म्हणजे बिनधोट्याचे, नवे माग आहेत, पण मागच्या बाजूला एक जुना जॅकार्ड अजून उभा आहे. त्याचे चाळीसेक फोटो काढले, पट्ट्यांच्या माळेचे जवळून. वडिलांनी बोट ठेवून सांगितलं, मोर या पट्टीपासून सुरू होतो.

रंगरेषाताई, चोपड्या टाइप करून झाल्यात. मूळ फाइल मागणार नाही. पण पुस्तक दोनदा वाचायला लागेल आणि त्याचे पैसे वेगळे सांगा.