जुना गोटी-पाना संच हाती आला आहे. गंज काढण्यापूर्वी सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार. सॉकेट पान्यांचा, म्हणजे आपण ज्यांना गोटी-पाने म्हणतो त्यांचा, एक जुना संच नुकताच माझ्याकडे आला आहे. पत्र्याच्या काळ्या पेटीत अकरा गोट्या, एक रॅचेट (आत दातेरी चक्र असलेला, गोटी फिरवायचा दांडा) आणि एक टी-दांडा आहे; बाराव्या गोटीची जागा रिकामी आहे. गोट्यांवर गंजाचे ठिपके आहेत आणि जिथे गंज नाही तिथे क्रोमची चकाकी नसून मंद करडा रंग दिसतो. रॅचेट एका दिशेने नीट चालतो, पण दुसऱ्या दिशेने जोर दिला की घसरतो.

ड्रिलला तारेचा ब्रश लावून सगळे घासून काढावे आणि नव्याने क्रोमचा मुलामा चढवून घ्यावा, असा विचार आहे. मात्र एक कोडे सुटत नाही. एका गोटीवर १/४ असा ठसा आहे, पण व्हर्नियरने मोजल्यावर तिचे तोंड १३.३ मिमी भरते आणि १३ मिमीच्या नटावर ती सैल बसते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

कृपया तारेचा ब्रश लावू नका. मंद करडा रंग हा कॅडमियमचा मुलामा असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियम आणि निकेल युद्धसामग्रीकडे वळवल्यामुळे अनेक हत्यारांवर कॅडमियम चढवले जाई किंवा ती नुसती काळी केली जात. कॅडमियम विषारी आहे. त्याची कोरडी धूळ श्वासात जाणे धोक्याचे आहे आणि तापवल्यास निघणारा धूर त्याहून वाईट. हातमोजे घाला, गोटी पातळ तेलात रात्रभर ठेवा आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने ओलीच घासा. व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल वापरू नका, कारण ते कॅडमियम खाऊन टाकते आणि पाणी दिलेले कडक पोलाद आम्लातून हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकते.

आता आपले कोडे. ती गोटी व्हिटवर्थ मापाची आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे जे प्रमाण मांडले, त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर सांगत नाही, तर बोल्टचा व्यास सांगतो. १/४ इंची व्हिटवर्थ बोल्टच्या नटाची रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी असते. बारीक आट्यांच्या बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) बोल्टचे डोके एक माप लहान असल्यामुळे हीच गोटी ५/१६ बीएसएफला चालते, आणि कित्येक गोट्यांवर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी आढळतात. त्यामुळे संच बहुधा ब्रिटिश असावा. भिंग घेऊन ब्रिटूल किंवा किंग डिक अशा निर्मात्याचा ठसा सापडतो का ते पाहा.

नव्या क्रोमच्या विरोधात मी ठामपणे आहे. मुलाम्याआधी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा लागतो, त्यात हे ठसे झिजतात, आणि ठसा गेला की संच कोणाचा व कधीचा हे सांगायला काहीच उरत नाही.

प्रतिसाद २

रॅचेटबद्दल थोडे. तो बिघडला आहे असे लगेच मानू नका. बहुतेक वेळा आतले ग्रीस सुकून डिंकासारखे झालेले असते आणि चक्राच्या दात्यांत अडकणारी खिट्टी अर्धवटच बसते. झाकण पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा, कारण आत मोहरीएवढी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असू शकते, आणि ती उडाली की सापडत नाही. प्रत्येक पायरीचे छायाचित्र काढा. सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन खिट्टीची धार तपासा. ती गोलसर झाली असेल किंवा स्प्रिंग थकली असेल तरच भाग बदलण्याचा विचार करा. जोडताना जाड ग्रीस भरू नका, पातळ तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रॅचेट उघडला तेव्हा आत काळा, कडक थर निघाला. धुतल्यावर आता तो दोन्ही दिशांना स्वच्छ टकटक करतो. तेलात ठेवलेल्या गोटीवर १/४ च्या पुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षरही उमटले आहे. रिकामी जागा ५/१६ ची आहे असे क्रमावरून दिसते. तिथे १५ किंवा १६ मिमीची गोटी ठेवून भागेल का?

प्रतिसाद १

भागणार नाही. ५/१६ व्हिटवर्थचे तोंड ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिमी असते. त्या नटावर १५ ची गोटी चढणार नाही आणि १६ ची चढली तरी नटाचे कोपरे गोल करून टाकील. सुटी गोटी शोधताना दांड्याकडचे चौकोनी भोक आधी मोजा. अर्ध्या इंचाच्या संचात ते १२.७ मिमीचे असते, पण जुन्या संचांत आज प्रचारात नसलेली मापेही भेटतात. तोंडाच्या आतले कोपरे बोटाने चाचपा आणि कुठे निळसर झाक दिसली तर ती गोटी घेऊ नका, कारण सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय पोलादावर ती येत नाही आणि तेवढ्या उष्णतेने पोलादाचा कडकपणा कमी झालेला असू शकतो.

चीर तपासण्याची एक सोपी रीतही करून पाहा. गोटी रॉकेलमध्ये बुडवून काढा, पुसून कोरडी करा आणि बाहेरून खडूची भुकटी चोळा. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल थोड्या वेळाने बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटते. तशी रेघ आली तर ती गोटी पेटीत आपल्या जागी राहू द्या, मात्र तिच्यावर जोर देऊ नका.